विश्लेषण : सिगार मुरल्याशिवाय त्याची पारख का करत नाहीत? झिनो डेव्हिडॉफ यांचे आयुष्य काय सांगते?

डेव्हिडॉफ हे नाव आपल्याकडे अनेकांना अत्तराच्या निळ्या बाटलीमुळे किंवा कॉफीच्या बरणीमुळे माहीत असते. प्रत्यक्षात ते जिनिव्हातील एका तंबाखू दुकानदाराचे आडनाव आहे. झिनो डेव्हिडॉफ यांच्या नावाचा सिगार बाजारात आला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्याआधीची अनेक वर्षे ते दुसऱ्यांनी वळलेले सिगार विकत होते. मात्र विकण्याआधी ते मुरवत होते आणि पारखत होते. या पारखीवर त्यांचे नाव उभे राहिले. १९८९ मध्ये त्यांच्याच नावाचे एक लाखाहून अधिक सिगार दर्जाला उतरले नाहीत म्हणून जाळून टाकण्यात आले आणि क्यूबाशी असलेले नाते तुटले. हाताने वळलेल्या सिगारची पारख कशी होते, त्यात मुरण्याला इतके महत्त्व का आणि एका दुकानदाराने त्यासाठी काय पणाला लावले, याचा हा आढावा.

डेव्हिडॉफ कुटुंब जिनिव्हात कसे आले?

झिनो यांचा जन्म ११ मार्च १९०६ रोजी रशियन साम्राज्यातील नोव्हगोरोद-सिव्हर्स्की या गावी झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. वडील हेन्री तंबाखूचे व्यापारी होते. कुटुंब ज्यू होते आणि त्या काळात रशियन साम्राज्यात ज्यूंवर वारंवार हल्ले होत होते. १९११ मध्ये हे कुटुंब देश सोडून स्वित्झर्लंडला आले. झिनो तेव्हा पाच वर्षांचे होते. चार भावंडांत ते थोरले.

जिनिव्हात वडिलांनी तंबाखूचे छोटे दुकान सुरू केले. रशियातून परागंदा झालेल्या अनेकांचा या शहरात वावर होता. लेनिन या दुकानात येत आणि उधारी न चुकवताच निघून गेले, अशी गोष्ट झिनो पुढे रंगवून सांगत. ती ऐकताना तारखा ध्यानात ठेवायला हव्यात. लेनिन यांनी १९०८ च्या अखेरीस जिनिव्हातील मुक्काम हलवून पॅरिस गाठले होते आणि डेव्हिडॉफ कुटुंब तिथे पोहोचले १९११ मध्ये. झिनो यांना माल विकता येत होता, तशीच गोष्टही विकता येत होती, एवढे यावरून कळते.

क्यूबात त्यांनी काय पाहिले?

शालेय शिक्षण संपल्यावर १९२४ मध्ये झिनो तंबाखूचा धंदा शिकण्यासाठी लॅटिन अमेरिकेला गेले. अर्जेंटिना, ब्राझील असे करत ते क्यूबात पोहोचले. तिथे सुमारे दोन वर्षे त्यांनी तंबाखूच्या मळ्यावर काम केले. दुकानातल्या पेटीतून बाहेर येणाऱ्या सिगारमागे किती हात आणि किती महिने असतात, हे त्यांना तिथे दिसले.

क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांत आहे. त्यातील व्हुएल्ता आबाहो हा भाग सिगारच्या तंबाखूसाठी सर्वाधिक नावाजलेला. पाने खुडली की ती लाकडी कोठारांत टांगून वाळवतात. हिरवे पान हळूहळू पिवळे आणि मग तपकिरी होते. त्यानंतर पानांच्या थप्प्या लावून ती आंबवली जातात. थप्पीच्या पोटात आपोआप उष्णता तयार होते आणि पानांतला अमोनिया व कडवटपणा कमी होत जातो. उष्णता फार वाढू नये म्हणून थप्पी मोडून पुन्हा रचावी लागते. पुढे गाठोडी बांधून पाने महिनोन् महिने, काही वेळा वर्षानुवर्षे ठेवली जातात.

वळण्याच्या वेळी तीन प्रकारची पाने एकत्र येतात. आतले भरण म्हणजे फिलर, ते बांधून ठेवणारे पान म्हणजे बाइंडर आणि बाहेरचे देखणे पान म्हणजे रॅपर. फिलरमध्येही रोपाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पाने मिसळतात. वरच्या पानात जोर अधिक असतो, पण ते सावकाश जळते. मधले पान सुगंध देते, तर खालचे चांगले पेट घेते. हाताने वळणारा कारागीर ही पाने अशी दुमडून ठेवतो, की त्यांच्यामधून हवेला वाट राहावी. मराठीत सिगारला जुना शब्द आहे चिरूट. तो मूळ तमिळ शब्दावरून आला असून त्याचा अर्थच गुंडाळी असा होतो. या गुंडाळीत कारागिराचे सगळे कसब आलेले असते.

वळलेला सिगार लगेच का पारखत नाहीत?

लोणचे घातले त्या दिवशी त्याची चव सांगता येत नाही. मीठ, तिखट, तेल आणि कैरी एकमेकांत मुरावी लागते. सिगारचेही असेच आहे, फक्त कारणे थोडी वेगळी आहेत.

पहिले कारण ओलाव्याचे. कोरडे पान वळताना तुटते म्हणून वळण्याआधी पाने ओलसर केली जातात. त्यामुळे ताज्या सिगारमध्ये गरजेपेक्षा जास्त पाणी असते. असा सिगार नीट जळत नाही, मध्येच विझतो आणि धूर जड लागतो.

दुसरे कारण अमोनियाचे. ओल मिळाली की पानांत आंबण्याची क्रिया पुन्हा सौम्यपणे सुरू होते. तिच्यातून उग्र वास येतो आणि तो ओसरायला वेळ लागतो. म्हणून जाणकार एक जुना संकेत पाळतात. सिगार वळल्यानंतर अगदी पहिल्या काही दिवसांत ओढावा, नाहीतर कित्येक महिने, शक्य तर वर्षभर त्याला हात लावू नये. मधल्या काळाला ते सिगारचे आजारपण म्हणतात.

तिसरे कारण मिश्रणाचे. वेगवेगळ्या पानांची ओल आणि तेले सारखी व्हायला अवधी लागतो. कारखान्यात वळलेले सिगार देवदारासारख्या सुवासिक लाकडाने मढवलेल्या खोलीत काही आठवडे ठेवतात, ते यासाठीच. त्यानंतर ते पेटीत भरले जातात. पण क्यूबातून निघालेली पेटी समुद्र ओलांडून युरोपात येते, तेव्हा वाटेत हवा, तापमान आणि ओलावा बदलत गेलेला असतो. कारखान्याने मुरवलेला माल दुकानात पोहोचेपर्यंत बिघडलेला असू शकतो. झिनो यांनी नेमकी ही अडचण हेरली.

तळघरात त्यांनी काय केले?

१९३० च्या सुमारास झिनो जिनिव्हाला परतले आणि त्यांनी वडिलांचे दुकान हाती घेतले. जिनिव्हाचा हिवाळा थंड. घरे गरम ठेवली की आतली हवा कोरडी पडते. क्यूबाच्या दमट हवेत वळलेला सिगार अशा हवेत काही दिवसांत सुकतो. रॅपरला तडे जातात आणि पानातली सुगंधी तेले उडून जातात. सुकलेल्या सिगारला पुन्हा ओल देता येते, पण गेलेली तेले परत येत नाहीत. शिवाय घाईने ओल दिली तर आतले भरण फुगते आणि बाहेरचे पान फाटते.

यावर उपाय म्हणून झिनो यांनी क्यूबातील हवामान दुकानातच तयार करायचे ठरवले. तापमान आणि आर्द्रता कायम राखणारे तळघर त्यांनी सिगारसाठी उभारले. युरोपात असा प्रयोग करणाऱ्या पहिल्या काही दुकानदारांत त्यांची गणना होते. घरी टेबलावर ठेवायची सिगारची पेटी, म्हणजे ह्युमिडॉर, लोकप्रिय करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. साधारणपणे ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १६ ते २० अंश सेल्सियस तापमान सिगारला मानवते. ओल याहून बरीच वाढली तर बुरशी धरते. उष्णता वाढली तर पानांत दडलेली तंबाखूच्या किड्याची अंडी उबतात आणि सिगारला टाचणीएवढी भोके पडतात.

दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड तटस्थ राहिले. युरोपातील व्यापार विस्कटला असताना जिनिव्हातील हे दुकान चालत राहिले, वाढलेही. गिऱ्हाइकाला इथे मुरलेला, लगेच ओढता येईल असा सिगार मिळत होता.

मुरलेल्या सिगारची पारख कशी होते?

पारख पेटवण्याआधीच सुरू होते. रॅपरवर हलकी तेलकट चमक असावी, जाड शिरा कमी असाव्यात, रंग एकसारखा असावा. दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत हलके दाबले, की कुठे पोकळ आणि कुठे गाठ आहे ते कळते. नीट मुरलेला सिगार दाबल्यावर किंचित लवतो आणि बोट उचलताच पूर्ववत होतो. कुरकुर आवाज आला तर तो कोरडा आणि स्पंजासारखा दबला तर ओला.

मग वास. न पेटवलेल्या सिगारला लाकूड, सुके गवत, कोको असा वास यावा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा दर्प आला, तर त्याला आणखी वेळ हवा. यानंतर टोक कापून, न पेटवताच एकदा हवा ओढून पाहतात. वाट मोकळी आहे की चोंदलेली, हे तिथेच लक्षात येते.

पेटवल्यावर परीक्षक सिगारचे मनाने तीन भाग करतात. पहिला भाग सौम्य, दुसऱ्यात मिश्रणाचा खरा स्वभाव आणि तिसऱ्यात जोर. कॉफी, काळी मिरी, चामडे, माती, सुका मेवा अशा ओळखीच्या चवींशी तुलना करत नोंदी केल्या जातात. धूर छातीत घेत नाहीत, तोंडात खेळवतात. मिनिटाला साधारण एक झुरका पुरेसा मानतात. घाई केली की सिगार तापतो आणि चांगली पानेही कडू लागतात. जळण्याची कड सरळ आहे का, राख घट्ट राहते का, सिगार सारखा विझतो का, हेही पाहिले जाते. राख पांढरीशुभ्र असली म्हणजे सिगार उत्तम, असा समज मात्र चुकीचा आहे. राखेचा रंग मुख्यतः जमिनीतल्या खनिजांवर ठरतो.

या सगळ्यात मुरण्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. न मुरलेल्या सिगारमध्ये दोष दिसला, तर तो कोणाचा हे सांगता येत नाही. ओढ घट्ट लागते ती ओलीमुळे की कारागिराने पाने पिळून भरल्यामुळे? चव कडू लागते ती अमोनियामुळे की पानच नीट आंबवले नव्हते म्हणून? योग्य हवेत पुरेसा काळ ठेवल्यावर ओलीचे आणि प्रवासाचे दोष निघून जातात. जे उरतात, ते कच्च्या मालाचे किंवा कारागिरीचे. पिळलेली गाठ वर्षभर ठेवली तरी सुटत नाही. म्हणून परीक्षक एकाच पेटीतले सिगार काही महिन्यांच्या अंतराने ओढून पाहतात. निकाल शेवटी दिला जातो, कारण तेव्हाच तो न्याय्य असतो.

नावाचा सिगार कसा जन्मला?

१९४० च्या दशकात झिनो यांनी क्यूबातील ओयो दे मॉन्तेरे या जुन्या नाममुद्रेसाठी एक मालिका आखली. तिला नावे दिली फ्रान्सच्या बोर्दो भागातील प्रसिद्ध वाइनची : शातो लाफित, शातो मार्गो, शातो लातूर. या नावांमागे व्यापारी हुशारी होती. वाइन तळघरात ठेवून जुनी करायची असते, हे युरोपातल्या गिऱ्हाइकाला शिकवावे लागत नव्हते. तीच सवय सिगारला लावण्याचा हा मार्ग होता. मालिका चांगली चालली.

क्यूबात १९५९ मध्ये क्रांती झाली. पुढच्याच वर्षी तिथला सिगार उद्योग सरकारने ताब्यात घेतला. १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या मालावर बंदी घातली आणि सर्वात मोठी बाजारपेठ हातची गेली. उरलेल्या जगात क्यूबाला खात्रीचे नाव हवे होते. सरकारी कंपनी क्यूबातबाकोने झिनो यांच्यापुढे त्यांच्याच नावाने सिगार काढण्याचा प्रस्ताव ठेवला. हवानातील एल लागितो या कारखान्यात ते वळले जाणार होते. फिदेल कास्त्रो यांच्यासाठी सिगार बनवणारा कारखाना अशी त्याची ख्याती होती. १९६८ मध्ये डेव्हिडॉफ सिगार बाजारात आले. साम्यवादी सरकारच्या कारखान्यातून परागंदा ज्यू दुकानदाराच्या नावाचा माल निघू लागला.

१९७० मध्ये झिनो यांनी आपला व्यवसाय बाझेलच्या माक्स ओटिंगर कंपनीला विकला. त्यानंतरही अखेरपर्यंत ते या नावाचा चेहरा राहिले. पुस्तके लिहिली, देशोदेशी फिरले. कमी ओढा, पण चांगला ओढा आणि सावकाश ओढा, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. पुढे हेच नाव अत्तर, कॉफी आणि इतर चैनीच्या वस्तूंवर गेले. निळ्या बाटलीतले अत्तर १९८८ मध्ये आले.

१९८९ मध्ये नेमके काय बिघडले?

१९८० च्या दशकात डेव्हिडॉफ आणि क्यूबातबाको यांच्यात दर्जावरून खटके उडू लागले. नावावर हक्क कोणाचा, हा वादही होताच. त्यामुळे या भांडणात फक्त चवीचा प्रश्न होता, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. क्यूबासाठी हे परकीय चलन आणि राष्ट्रीय प्रतिष्ठा होती. स्विस कंपनीसाठी नाव हीच सगळी मालमत्ता होती.

ऑगस्ट १९८९ मध्ये डेव्हिडॉफ यांनी टोकाचे पाऊल उचलले. विकण्यास अयोग्य ठरवलेले एक लाखाहून अधिक सिगार जाळून नष्ट करण्यात आले. झिनो तेव्हा ८३ वर्षांचे होते. ज्या देशात त्यांनी धंदा शिकला, त्याच देशाचा माल त्यांनी नाकारला होता. त्या काळी उत्तम सिगार म्हणजे हवाना, हे समीकरण जगभर पक्के होते. हवाना सोडल्यावर डेव्हिडॉफ हे नाव टिकेल याची खात्री कोणालाच देता आली नसती.

क्यूबातील उत्पादन थांबले आणि ते डॉमिनिकन प्रजासत्ताकात हलवण्यात आले. तिथे हेंड्रिक केल्नर यांच्या देखरेखीखाली नवे मिश्रण तयार झाले. ते हवानाची नक्कल करणारे नव्हते. ते अधिक सौम्य होते. काही जुन्या गिऱ्हाइकांना हा बदल रुचला नाही. पण या सिगारवर अमेरिकी बंदी लागू नव्हती, त्यामुळे जगातील सर्वात मोठी बाजारपेठ खुली झाली. नाव टिकले आणि डॉमिनिकन सिगारही प्रतिष्ठेच्या पंक्तीत बसला.

मुरवल्याने धोका कमी होतो का?

नाही. मुरल्याने अमोनियाचा दर्प आणि चवीतला कडकपणा कमी होतो, तंबाखूचा घातकपणा नाही. सिगारच्या धुरात निकोटीन आणि कर्करोग घडवणारी द्रव्ये असतात. धूर छातीत घेतला नाही तरी तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका राहतो. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अनेक पट तंबाखू असते. झिनो ८७ वर्षे जगले, पण एका माणसाच्या आयुष्यावरून तंबाखूला निर्दोष ठरवता येत नाही. चैनीचे वलय लाभलेली वस्तू निरुपद्रवी वाटू लागते आणि ते वलय उभे करण्यात झिनो यांचा वाटा मोठा होता. त्यांच्या कर्तृत्वाचा हिशेब मांडताना हेही खात्यावर घ्यावे लागते.

त्यांच्यामागे काय उरले?

१४ जानेवारी १९९४ रोजी जिनिव्हात झिनो डेव्हिडॉफ यांचे निधन झाले. त्यांचे सिगार आजही डॉमिनिकन प्रजासत्ताकात वळले जातात. तापमान आणि आर्द्रता राखणारी सिगारची खोली आता जगभरातल्या चांगल्या तंबाखू दुकानांत असतेच. ती कोणी रुजवली, हे बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नसते.

एक विरोधाभास मात्र उरतो. क्यूबात बनलेले जुने डेव्हिडॉफ सिगार आता नव्याने तयार होत नाहीत. ज्या पेट्या संग्राहकांनी जपून ठेवल्या, त्यांना लिलावात मोठ्या किमती मिळतात. ज्या हवानाशी झिनो यांनी नाते तोडले, तिथलेच सिगार त्यांनी शिकवलेल्या पद्धतीने, ठरावीक ओलाव्यात, बंद पेटीत दशकानुदशके मुरत पडले आहेत. आणि त्यांची पारख अजून संपलेली नाही.